टाकीतली राख

बी.एस्सी. होऊन मी चाकणजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा मनात एकच गोष्ट होती. आईची चूल बंद करायची. धुराने तिचे डोळे सतत गळत. त्याच चुलीवरची भाकरी बांधून घेऊन मी खेडच्या शाळेत गेलो होतो.

गोठ्यामागे विटांची टाकी बांधली, वर लोखंडी झाकण उपडे घातले. शेण, खरकटे, सडकी भाजी पाण्यात कालवून रोज आत सोडायची आणि निघणारा गॅस नळीने स्वयंपाकघरात न्यायचा. कॉलेजात शिकताना हे सगळे स्वच्छ वाटले होते. प्रत्यक्षात त्या कालवणाकडे पाहवत नसे. आंबलेला भात, त्यात वळवळणाऱ्या अळ्या, वर शेणाचा फेस. मी नाकाला पंचा बांधून काठीने ढवळत असे. आई कोपरापर्यंत हात घाली.

"हातानं कालव की. काठीनं गुठळ्या मोडत न्हाईत," ती म्हणे.

"त्याचा हात आता कालिजातला हाय," वडील हसत. "त्याला शेण नुसतं लांबनं दाखवायचं."

गॅसची निळी ज्योत लागली तेव्हा आईने तिला हात जोडले. पण काही महिन्यांत ती मंदावत विझली आणि आई पुन्हा चुलीपुढे डोळे पुसत बसली.

झाकण काढून टाकी दोन दिवस उघडी ठेवली, वरचा रबडा बादल्यांनी उपसला, मग मीच खाली उतरलो. गुडघाभर काळा चिखल. घमेल्यागणिक ओकारी येई. तो वास नखांत, केसांत बसला; पुढे आठ दिवस घास तोंडातच फिरत राहिला. तळाशी मात्र शेण नव्हते. घट्ट बसलेला करडा थर होता.

"यात राख कुणी टाकली? गॅस तिच्यामुळेच बंद पडला!" मी आतूनच ओरडलो.

"मी," आई वाकून म्हणाली. "पाणी तापवायच्या चुलीतली. उकिरड्यावर न्हाई का टाकत, घाण मरावी म्हणून? तू रोज नाक बांधायचास. म्हणलं, लेकराला वास नगं."

मी खाली वाकून पुढचे घमेले भरायला घेतले.

टाकी पुन्हा भरायला घेतली त्या दिवशी मी पंचा घरीच ठेवला आणि कोपरापर्यंत हात घातला. एक अळी बोटांवरून सरकली. आई समोर उभी होती, म्हणून मी तोंड वाकडे केले नाही. ती किळस पुढेही कधी गेली नाही. फक्त आईला पुन्हा दिसू दिली नाही.