सरबताने धुतलेले हात

आखातात, करामा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी, तरी मी सोलापूरची बावळट रोज बादल्या भरून ठेवायची. एकदा ह्यांनी देशोदेशीच्या सरकारांना पाण्याबद्दल सल्ले देणारे एक साहेब जेवायला आणले. हसं नको म्हणून मी सगळ्या बादल्या ओतून टाकल्या. साहेबांनी हाताला साबण लावला आणि बिल्डिंगचा पंप बंद पडला. कोरडा नळही त्यांनी कोपराने घट्ट बंद केला.

“वहिनी, एखादी भरलेली बादली?”

“आत्ताच ओतल्या. तुमच्यासाठी!”

ह्यांनी डोळेच मिटले. शेवटी मी साहेबांच्या हातांवर कोकम सरबत ओतलं.

“पुरे, उरलेलं पितो,” म्हणत त्यांनी ग्लास रिकामा केला. मग हळूच म्हणाले, “घरी मीही बादल्या भरतो. बायको म्हणते, तुमचाच तुमच्या कामावर भरवसा नाही!”