बाबांच्या मशीनसाठी दुसरी बॅटरी

मंडळी, आज आमच्या व्हॅनमध्ये दुसरी बॅटरी जोडली. बाबांना झोपताना श्वासाचं मशीन लागतं आणि गावी रात्रभर वीज टिकत नाही, म्हणून सहा वर्षं ते गावी गेलेच नाहीत.

दुपारी हुडकेश्वरला घरासमोरच मशीन लावून त्यांना व्हॅनमध्ये झोपवलं. दोन तास मशीन नीट चाललं.

जाग आल्यावर बाबांनी मास्क काढून विचारलं, "गाव आलं का वं?"

"नाही बाबा, आपण घरासमोरच आहो."

"मंग काहून थांबली? चाल न."

मी त्यांना रिंग रोडपर्यंत फिरवून आणलं. सगळा वेळ ते खिडकीबाहेर बघत होते.

असं मशीन रात्रभर बॅटरीवर चालवलेलं कुणी आहे का? मला बाबांना याच आठवड्यात न्यायचंय.