मल्लूचा पांढरा टॉवेल

आमची पोस्ट सीमेवरच्या उंच धारेवर होती. पाणी खाली नाल्यात, आणि समोरच्या पोस्टचंही पाणी तिथलंच. रात्री तो बर्फाळ उतार उतरणं अशक्य, म्हणून सकाळी ०६४० वाजता आमची वॉटर पार्टी निघायची. आधी मोर्च्यावरून पांढरा टॉवेल हलवायचा. समोरून पांढरं काही हललं की उतरायचं. कागदावर हे कुठेच नव्हतं, पण चौदा महिने एकही गोळी सुटली नव्हती.

टॉवेल हलवायचं काम लान्सनायक मल्लूचं. तो सोलापूरजवळच्या वळसंगचा, मी सोलापूरचा. जुना टॉवेल धुराने काळवंडला, तेव्हा सुट्टीवरून येताना त्याने आईकडून नवा कोरा सोलापुरी आणला.

त्याच आठवड्यात आमच्याकडचा एक बडा नेता प्रचारसभेत गरजला, यापुढे शत्रूला पांढरं फडकं दिसणार नाही. पलीकडच्या नेत्यानेही तशीच डरकाळी फोडली. दोघांनाही टाळ्या मिळाल्या. पाणी भरायला दोघांपैकी कुणालाच जायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी, मल्लू सुट्टीवरून परतला त्याच संध्याकाळी, वरून हुकूम आला: पांढरं कापड बंद.

"साहेब, समोरच्यांना कसं कळणार?" मी सुभेदारसाहेबांना विचारलं.

"हुकूम आहे, हवालदार." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या सकाळी पाण्याचा एकच जेरीकॅन उरला होता. मल्लूने पेटीतून टॉवेल काढला.

"दादा, भ्या वाटतंय का?"

"लई."

"मलाबी. एकडाव दावू का ह्यो?"

"नको. हुकूम हाय. ठिव पेटीत."

त्याने टॉवेल परत ठेवला. ०६४० वाजता आम्ही दोघं निघालो. समोर काहीच हललं नाही. ०६५२ वाजता समोरून गोळ्यांचा बर्स्ट आला आणि मल्लू माझ्यापुढे कोसळला.

"मल्लू हिट. कव्हर द्या. ओव्हर." वायरलेस सेटवरचा तो आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. ०७२० वाजता मल्लू गेला.

आता मी सोलापुरात राहतो. टीव्हीवर असलं भाषण लागलं आणि टाळ्या पडल्या की आजही मला धडकी भरते.

मल्लूची पेटी मीच वळसंगला पोचवली होती. त्याच्या आईने टॉवेल उचलून पाहिला. घडी कोरी होती.

"ह्यो वापरलाच न्हाय की."

"त्यो दावतो म्हनत हुता, मावशी. म्याच नको म्हनलं."

टॉवेल तिने तसाच पेटीत ठेवला.