शिळ्या पाण्याची सोसायटी

दिवाळसणाहून परतताना मी माहेराहून, म्हणजे बीडहून, काचेची एक छोटी टाकी आणि चार मासे घेऊन आले. बाकीच्या लेकी साड्या आणतात, फराळाचे डबे आणतात. मी हट्टानं मासे मागून घेतले. एसटीत टाकी नवऱ्याच्या मांडीवर, मासे फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत माझ्या मांडीवर, आणि सगळी गाडी आमच्याकडे वळून बसलेली. पलीकडच्या सीटवरच्या एका आजोबांना शेवटी राहवलं नाही. "कालवनाला लई बारीक पडतील की गं पोरी," ते कळवळून म्हणाले.

सासरचं गाव शिरूर कासारच्या बाजूचं. त्या वर्षी पावसानं पार पाठ फिरवली होती. अर्धं गाव ऊसतोडीला निघून गेलेलं, उरलेलं अर्धं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं, आणि अशा गावात नवी सून पाण्यात राहणारी जनावरं घेऊन उतरली. माझं टायमिंग पहिल्यापासून असंच आहे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी मला दारातच अडवून पिशवी निरखली. तीन मासे नारिंगी होते आणि एक काळा, डोळे बाहेर आलेला.

"कावून आणली ही पिडा?"

"शोभेला, आत्याबाई."

"शोभेला मी हाय की घरात." मग काळ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यो तर चेअरमनसायबावर गेलाय. तसंच गाल फुगवून बघतोय."

चेअरमनसाहेब म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायची, पण गाव, पाहुणे आणि रागात असल्या की आत्याबाईसुद्धा त्यांना चेअरमनच म्हणत. गावच्या दूध सोसायटीचे ते चेअरमन होते, आणि मला वाटायचं, पाळण्यातही असणार. घरात ताट वाढलं तरी सुरुवात 'विषय क्रमांक एक'नं व्हायची. संध्याकाळी भाजी कोणती करायची याचाही रीतसर ठराव होई. सूचक मामा, अनुमोदक मामा, ठराव एकमतानं मंजूर, आणि मग आत्याबाई आपल्याला हवी तीच भाजी करत.

पाणी मात्र ठरावाच्या बाहेर होतं. ते आत्याबाईंच्या अखत्यारीत. टँकर आला की रांजण धुऊन ताजं पाणी भरायचं, हा त्यांचा नेम. तळाशी उरलेलं आदल्या टँकरचं पाणी शिळं. शिळं पाणी पाहुण्याला देत नाहीत, देवाला तर नाहीच. ते बाजूच्या घागरीत ओतून हातपाय धुवायला ठेवायचं. टाकीतलं थोडं पाणी अधूनमधून बदलावं लागतं, हे मी भीत भीत सांगितलं तेव्हा त्यांनी त्या घागरीकडे बोट दाखवलं.

"ते शिळं घाल. ताज्याला हात लावशील तर बघ."

मला भयंकर राग आला. माझ्या माशांना हातपाय धुवायचं पाणी! मनातल्या मनात मी आत्याबाईंना बरीच विशेषणं लावली आणि शिळं पाणी टाकीत ओतलं. मासे मात्र मजेत होते.

उन्हाळा तोंडावर आला तशी वैरण संपली. कुणी जनावरं पाहुण्यांकडे धाडली, बहुतेकांनी लांबच्या छावणीत नेऊन बांधली. गावात दूध उरलं ते चहापुरतं. सोसायटीतले कॅन आधी अर्धे भरू लागले, मग पाव, आणि मग दूध न्यायला येणारा टेम्पो यायचाच थांबला. मामा तरी पहाटे उठून, टोपी घालून, सोसायटीचं शटर वर करून बसायचे. कुणी म्हणता कुणी येत नाही म्हटल्यावर एक दिवस त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि ओसरीवरच्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

जेवायला उठायचे, पुन्हा आडवे व्हायचे. 'विषय क्रमांक एक' बंद पडला. भाजी काय करू विचारलं तर म्हणायचे, "करा कायबी." ज्या माणसाच्या ठरावांना मी चोरून हसायचे, त्याचं ते 'कायबी' ऐकून मला भीती वाटायला लागली. आत्याबाई माझ्याहून जास्त घाबरल्या होत्या. त्या भीती भांड्यांवर काढत, आणि भांडी फार वाजत होती.

मामांना माशांनी उठवलं. भिंतीकडे तोंड केलं की ओसरीच्या कोनाड्यातली टाकी बरोबर त्यांच्या नाकासमोर यायची. एका दुपारी लाईट गेली, टाकीतली हवेची मोटर थांबली आणि मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. मी वारा घालावा की काय या विचारात उभी, तेवढ्यात बाज करकरली. मामा उठले, तांब्या घेतला, टाकीतलंच पाणी भरून वरून धार धरली. पुन्हा भरलं, पुन्हा धार.

"दूध बी नुसतं ठिवलं की बसतंय," ते म्हणाले. "हालवत ऱ्हायाला पायजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माशांचा खुराक विचारला. त्यानंतर खुराकाच्या वेळा ठरल्या. टोपी डोक्यावर परत आली, आणि एका संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडायच्या आधी मामा म्हणाले, "विषय क्रमांक एक. माशांचं पानी." आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं चिडल्या. पण त्या हसत होत्या.

विषय तसा गंभीर होता. टँकर आणखी लांबायला लागला होता आणि आत्याबाईंच्या घागरीत शिळं पाणीही उरत नव्हतं. मामांनी तोडगा काढला तो त्यांनाच सुचू शकतो. गल्लीतल्या प्रत्येक घरानं तांब्याभर पाणी माशांना द्यायचं, हे भागभांडवल. टाकीतून निघणारं जुनं पाणी सभासदांच्या तुळशीला आणि कढीपत्त्याला वाटायचं, हा लाभांश. बायका आधी हसल्या. पण माशांचं पाणी पडलं तशी वाळायला आलेली तुळस पुन्हा फुटली, आणि गल्लीत सभासद व्हायला रांग लागली.

मग सुरू झाली खरी सोसायटी, म्हणजे संशय. जो तो आपली मालमत्ता तपासायला ओसरीवर यायचा. "माझ्या वाट्याचा मासा वाळलाय," अशी तक्रार पलीकडची म्हातारी रोज करायची. तिच्या वाट्याचा कोणता, हे रोज बदलायचं. एकदा पाणी जरा हिरवट दिसलं आणि कुणीतरी पुडी सोडली : "कोनतरी शिळं पानी घालतंय." सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. घालत सगळ्याच शिळं होत्या, हे मला पक्कं माहीत होतं. टँकरचं ताजं पाणी माशांना देण्याइतकं कुणाचंच डोकं फिरलं नव्हतं.

पण चेअरमनच्या वर्मावर बोट पडलं होतं. मामांनी आयुष्यात एकदाही नासकं दूध कॅनमध्ये जाऊ दिलं नव्हतं. सख्ख्या भावाची किटली परत पाठवलेला माणूस तो. त्यांनी फर्मान काढलं. टाकीतलं सगळं पाणी काढायचं. पुढचा टँकर आला की सर्वसाधारण सभा, आणि सभासदांनी पाणी थेट टँकरच्या नळीवरून आणायचं. "शिळं चालायचं न्हाई. आपल्या सोसायटीत ताजाच माल."

सभेच्या दिवशी मामांनी धुतलेलं धोतर नेसलं. टँकर आला. एरवी हंडे घेऊन धावणाऱ्या बायका आधी तांब्या भरून आमच्या ओसरीसमोर रांगेत उभ्या राहिल्या. दुष्काळात तहानलेली माणसं माशांसाठी रांगेत उभी आहेत, हे बघून मला हसू आलं आणि भरूनही आलं. मामांनी सोसायटीतून दूध तपासायचं लॅक्टोमीटर आणलं होतं. प्रत्येक तांब्या पातेल्यात ओतून ते त्यात सोडायचे. दुधात ते इतकं बुडालं असतं तर त्या सभासदाची काही खैर नव्हती. इथं ते बुडालं की मामा खूश.

"एक नंबर! निव्वळ पानी!"

"आज पान्यात औषध जास्तीच पडलंय. वास मारतोय," आत्याबाई मागून म्हणाल्या. टँकरच्या पाण्यात जंतू मारायची पावडर टाकतात, त्याबद्दल त्या बोलत होत्या. पण त्या सभासद नव्हत्या, सभा रंगात आली होती, आणि लॅक्टोमीटरला नाक नसतं. टाकी काठोकाठ भरली. मामांनी विचारलं, "मंजूर?" सगळी गल्ली ओरडली, "मंजूर!" तोवर बादलीत ठेवलेले मासे टाकीत सोडले.

चहा उकळेपर्यंत एक नारिंगी मासा आडवा झाला. मग दुसरा. मामा तांब्यानं धार धरत होते, हालवत होते, "उठ बे, उठ," म्हणत होते. तिसराही उलटला. काळा कोपऱ्यात कलंडायला लागला तेव्हा आत्याबाई पुढे आल्या. त्यांनी त्याला ओंजळीत उचललं आणि वाटपासाठी काढून ठेवलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीत सोडलं.

"त्याला त्याच्या पान्यात ऱ्हाऊ द्या," एवढंच म्हणाल्या.

काळा वाचला. मी बीडला मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला. तो माझ्यावरच खेकसला. औषधाचं ताजं पाणी माशांना विष असतं, ते उघड्यावर ठेवून शिळं करूनच घालायचं, एवढंही ठाऊक नाही का? मला नव्हतं ठाऊक. आमच्या माहेरी नळाला पाणी इतक्या दिवसांनी यायचं की तिथे ताजं पाणी कुणी पाहिलंच नव्हतं. "मग इतके महिने जगले कसे?" त्यानं विचारलं. मी आत्याबाईंच्या घागरीकडे बघितलं आणि फोन ठेवला.

मी घरात सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, टोपी काढली, खुंटीला लावली आणि बाजेवर आडवे झाले. या वेळी उशी दुसऱ्या टोकाला घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं, म्हणजे कोनाडा पायाशी जावा, दिसू नये.

"दोन्ही सोसायट्या बुडवल्या म्या," ते म्हणाले.

गल्लीतल्या बायका येऊन गेल्या. कुणी एका शब्दानं बोललं नाही, उलट पलीकडच्या म्हातारीनं सांगितलं की तिचा मासा काळाच होता, त्यामुळे तिचं काही नुकसान झालेलं नाही. मामा हसले नाहीत. जेवण पुन्हा 'कायबी'वर आलं. काळा मासा बादलीत एकटा गोल फिरत होता आणि त्याला टाकीत सोडायची माझी हिंमत होत नव्हती.

एका सकाळी आत्याबाईंनी टाकी स्वतः घासली. राखेनं घासू नका म्हणेपर्यंत घासून झालीही. खळखळून धुतली, घागरीतलं पाणी ओतलं, काळ्याला सोडलं आणि डोक्यावरून पदर घेऊन बाजेपाशी उभ्या राहिल्या. आत्याबाई दूध सोसायटीच्या संचालिका होत्या, हे मला तोवर माहीत नव्हतं. बाईची एक जागा असते, ती भरायला मामांनी त्यांना बसवलं होतं. बसवलं म्हणजे फक्त म्हणायचं. सभेला त्या कधीच गेल्या नव्हत्या.

"विषय क्रमांक एक," आत्याबाई म्हणाल्या.

मामांची पाठ ताठ झाली.

"चेअरमनचा राजीनामा. नामंजूर."

"राजीनामा दिलाय कुनी?" मामा भिंतीला म्हणाले.

"मंग पडलाव कावून? मी सूचक हाय." त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. "अनुमोदन द्यायला काय मुहूर्त पायजे का?"

"अनुमोदन," मी म्हणाले, आणि मला रडू कोसळलं. रडायचं काही कारण नव्हतं.

मामा सावकाश या कुशीवर वळले. उठून बसले. कोनाड्यात काळा मासा गाल फुगवून त्यांच्याकडे बघत होता. मग मामांचा चेअरमनचा आवाज आला, जरा बसका.

"पानी कसलं हाय? ताजं न्हाई ना?"

"न्हाई वो," आत्याबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "शिळंच हाय. तुमच्यावानी."

मामांनी टोपी मागितली. मी खुंटीकडे धावले, पण आत्याबाई माझ्या आधी पोचल्या होत्या.