अण्णांचा पहिला भाडेकरू

विकत न घेता फ्लॅट बघण्यात अख्ख्या बेंगळुरूत आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांचा हात कोणी धरला नसता. जे. पी. नगरात ते आमच्यासारखेच भाडेकरू. सरकारी कारखान्यात इंजिनिअर. घराणं इथेच पिढ्यान्‌पिढ्या रुजलेलं, त्यामुळे मराठी अर्धीअधिक कानडीत भिजलेली. दर रविवारी आंघोळ उरकून ते खाली स्कूटरचा हॉर्न वाजवत आणि मी मुकाट्याने मागे बसे. "राहायला नव्हे हं, गुंतवणूक!" हे पहिल्याच सिग्नलला ऐकावं लागे. फ्लॅट घ्यायचा, भाड्याने द्यायचा, भाड्यातून बँकेचा हप्ता परस्पर फेडायचा, मग दुसरा घ्यायचा. रिंग रोड येईपर्यंत अण्णांचे तीन फ्लॅट झालेले असत.

तपासणीसाठी त्यांच्या खिशात काचेची गोटी असे. ती फरशीवर ठेवायची. घरंगळली की फरशीला उतार, फ्लॅट बाद. मग घरातले सगळे नळ एकदम सोडायचे. खाली उतरून वॉचमनला "नीरु हेगे?" म्हणून पाण्याची, टँकरची चौकशी करायची. एचएसआर लेआउटमध्ये एका सेल्समनने फारच पिच्छा पुरवला, तेव्हा "जावयाला पसंत नाही" म्हणत अण्णांनी मला पुढे केलं. अण्णांना मूलबाळ नाही. बँकेतही तीच तऱ्हा. कर्ज हौसेने मंजूर करून घ्यायचे आणि सहीच्या दिवशी बँकेकडे फिरकायचेच नाहीत. मंजुरीची मुदत संपली की अण्णा जत्रेतून परतल्यासारखे प्रसन्न दिसत.

त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, हे सगळं हसून सोडून देत. आमच्या घरमालकाची भिंतीत खिळा न ठोकण्याची सक्त ताकीद होती. त्यामुळे अक्कांचा फ्रेममधला बालाजी जमिनीवरच भिंतीला टेकून उभा असे. एकदा त्याला हार घालताना त्या मला म्हणाल्या, "ह्यांना भाडेकरू कितीही मिळू देत. मला स्वल्प भिंत मिळाली तरी सरी, पुरे झालं, एका खिळ्यापुरती." अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

शेवटी बँकेच्या मॅनेजरनेच सांगितलं, "सर, रिटायरमेंट जवळ आली. आता नाही घेतलंत तर पुढे कर्ज मिळणार नाही." अण्णांनी डोळे मिटून सही केली आणि मारतहळ्ळीला छोटासा फ्लॅट घेतला. भाडेकरूही ठरला: आयटीतलं एक तरुण जोडपं. ते किल्ली घ्यायला यायच्या आधी नव्या घरात शकुनाचं दूध उतू घालून घ्यायचं, एवढा एकच हट्ट अक्कांनी धरला होता. रिकाम्या स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. अक्कांनी पिशवीतून बालाजी काढला आणि नेहमीच्या सवयीने जमिनीवर भिंतीला टेकवला.

अण्णा त्या फ्रेमकडे बघतच राहिले. मग खाली गेले आणि वॉचमनकडून हातोडी आणि खिळा घेऊन आले. इंजिनिअर माणूस, पण पहिला घाव बोटावरच बसला. जोडपं दारात आलं तेव्हा बालाजी भिंतीवर होता आणि अक्का पदराने डोळे पुसत होत्या. अण्णांनी त्या दोघांना दूध दिलं, हात जोडून माफी मागितली आणि किल्ली खिशात घातली. हप्ता आता अण्णांच्याच पगारातून जाणार होता.

मागे त्यांना मारतहळ्ळीच्या घरी भेटायला गेलो तेव्हा मी विचारलं, "काय अण्णा, भाडेकरू कसा आहे?"

"भाडं देत नाही, सोडायचं नाव काढत नाही," असं म्हणत ते अक्कांकडे बघून हसले. टेबलावरची गोटी मी सहज फरशीवर ठेवली, तर ती थेट स्वयंपाकघरात गेली. अण्णांनी ती उचलून माझ्याच हातात दिली. "असू दे. घराला स्वल्प उतार असायचाच."

ती गोटी आता माझ्याकडे आहे. रविवारी खाली कुणाचा हॉर्न वाजला की मी अजून चपला शोधतो.