छत्तीस हिरवे रकाने

सौदीतल्या अल खर्जच्या ट्रक-यार्डात मी ऑफिसवाला होतो. म्हणजे एसीत बसायचं, एक्सेलमधले रकाने रंगवायचे आणि उन्हात घामाघूम झालेल्या ड्रायव्हरांना सेफ्टी शिकवायची. पुण्याची डिग्री एवढ्याला पुरेशी होती.

कंपनीला नवा ट्रक हवा होता. आमच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, शोरूममधल्या सगळ्यांत दांडग्या ट्रकपुढे उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला आणि खलास, निवड झाली. डेअऱ्यांना चारा पोचवणारा आमचा जुना ट्रेलर आता या ट्रकला जोडायचा होता. दोघांचं जमतं का, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी ते खुर्चीवरून न उठता केलं.

आपल्याकडे मुलामुलीने एकमेकांना बघायच्या आधी पत्रिका जुळवतात, तसे मी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. वजन, ब्रेक, टायर, इंजिनाची ताकद. माझ्या शीटमध्ये रकानेही नेमके छत्तीस होते आणि छत्तीसच्या छत्तीस हिरवे झाले. ट्रकच्या पाठीवर एक लोखंडी तवा असतो. त्याच्या मधोमध असलेल्या जबड्यात ट्रेलरची पिन अडकते आणि त्या एका पिनवर सगळा ट्रेलर ओढला जातो. आमच्या ट्रेलरच्या पिनची जाडी जुन्या कागदावर सापडेना. मी लिहिलं, ‘स्टँडर्ड’. फार सोयीचा शब्द आहे. मोजायला उठावं लागत नाही.

ट्रक चालवणार होते श्रीवर्धनकडचे एक वयस्क ड्रायव्हर. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी जबड्यात हात घालून पाहिला, मग पिनेवरून फिरवला आणि थेट माझ्या टेबलाशी आले.

“साहेब, पिन बारीक हाय. जबड्यात ढिली बसते.”

मी त्यांना स्क्रीन दाखवली. “चाचा, कागदावर सगळं बरोबर आहे.”

“कागदाला ट्रेलर जोडायचा नाय ना.”

मला राग आला. ते बरोबर असतील अशी शंका आल्यामुळे जरा जास्तच आला. मी मुदीरला फोन लावला. तो आला आणि त्याने ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक पुढे ओढायला सांगितलं. हिसका बसला, पण ट्रेलर सुटला नाही. “माफी मुश्किला,” मुदीर म्हणाला. काही अडचण नाही. “यल्ला, चारा भरा. याला चालवायचा नसेल तर याचा एक्झिट लावा.” चाचांची नोकरी जाणार असं तो माझ्यासमोर म्हणाला आणि मी मान खाली घालून जोडणी ठीक असल्याच्या फॉर्मवर सही केली.

चाचांनी वाद घातला नाही. “भरायच्या आधी रिकामा गेटपर्यंत नेतो,” एवढंच म्हणाले. गेटजवळ गतिरोधक होता. म्हाताऱ्याची खोड जिरताना बघायला मिळेल म्हणून मीही एसीतून बाहेर आलो.

ट्रक माणूस चालेल इतक्या हळू गेला. ट्रकची मागची चाकं गतिरोधकावर चढून उतरली, ट्रेलरचं तोंड उडालं आणि पिन जबड्यातून वर निसटली. ट्रक पुढे गेला. हवेच्या नळ्या तुटल्या, ट्रेलर तोंडावर आपटला आणि तवा होता तिथे नुसती धूळ उडाली. चाचा खाली उतरले आणि टायरला टेकून उभे राहिले.

तोवर निघून गेलेल्या मुदीरने फोनवर मला रिपोर्ट लिहायला सांगितला. कारण काय लिहायचं, तेही सांगितलं. ड्रायव्हरची चूक.

क्रेनने ट्रेलरचं तोंड उचलल्यावर मी टेप घेऊन पहिल्यांदा पिनेजवळ आणि जबड्याजवळ वाकलो. पिन दोन इंच. जबडा साडेतीन इंचाच्या पिनेचा. मोजायला मिनिटसुद्धा लागलं नाही. चारा भरून हाच ट्रेलर चाचा रियाधच्या हायवेवर ट्रकांच्या रांगेत नेणार होते. मागे कुटुंबांच्या गाड्या असतात.

“साहेब,” चाचा म्हणाले, “सही तुमची होती. गाडीत मी होतो.”

रिपोर्टमध्ये कारणाच्या जागी मी माझं नाव लिहिलं. मुदीर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पण चाचाही बोलले नाहीत, आणि मला तेच लागलं. पुढच्या खेपेला ट्रेलर जोडण्याआधी त्यांनी टेप माझ्या हातात ठेवली आणि मी मोजून होईपर्यंत ते उन्हात उभे राहिले.