गोळाभातावरचं तेल

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. मुलीजवळ नाही, भावाजवळ तर नाहीच. आज तुम्ही समोर आहात — बोलून टाकतो.

आमच्या नंदनवन वस्तीतल्या बागेत सकाळी फिरायला येणारी मंडळी माझं उदाहरण देतात. हृदयात स्टेंट, आणि बघा कसा ताठ चालतो! मी त्यांना सांगतो — ज्वारीची भाकरी खा, पालेभाजी भरपूर, मीठ हात राखून, लोणचं-पापड नको, तेल जवळजवळ बंद. एवढा निग्रह कुठून आणला, विचारतात. निग्रह कसला डोंबलाचा! तेल तापायला लागलं की मला घरात थांबवत नाही, एवढंच. का थांबवत नाही?

माझा राग तुम्ही पाहिलेला नाही. गांधीबागेतल्या माझ्या कापडाच्या दुकानात नोकर टिकत नसत. घरी तर ताट फेकणं नित्याचं — भिंतीवर वरण, फरशीवर भात, आणि रेखा, माझी बायको, खाली बसून पुसतेय. स्टेंट बसवल्यावर तिनं स्वयंपाकच बदलला. तेलानं थबथबलेला सावजी रस्सा बंद, भाजीत तेल नावाला. मला वाटायचं, ही मला लाचार करतेय. एकदा गरम भाकरी तिच्या तोंडावर फेकून मारली. तिनं ती उचलून गायीसाठी बाजूला ठेवली आणि तव्यावर दुसरी टाकली. त्याचाही मला रागच आला.

मग तो रविवार. नरखेडहून धाकटा भाऊ बायको-मुलांसह जेवायला आला होता. डाळीचे गोळे घालून गोळाभात केला होता. आपल्याकडे गोळाभात म्हणजे वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल ओतायचं, पाहुणा पुरे म्हणेपर्यंत. भावाच्या ताटात तिनं तसंच ओतलं. माझ्या ताटात चमचाभर.

"दादा, वहिनीनं तुले रेशन लावलं काय गा?" भाऊ म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो — आणि हसत हसतच ताट उचलून स्वयंपाकघरात गेलो. फोडणीचं कढलं गॅसवर ठेवलं, तेल ओतलं, धूर निघेपर्यंत तापवलं. रेखा मागोमाग आली.

तिची किंकाळी ऐकून सगळे धावले. "माह्याच हातून सांडलं जी," ती सगळ्यांना म्हणाली. हातावरची कातडी सुटत होती, तरी म्हणाली. आणि मी? मी छातीवर हात ठेवून खुर्चीत बसलो. भावाच्या बायकोनं आधी मला पाणी दिलं. इतका नीच माणूस तुम्ही पाहिलाय का कुठे?

आज रेखाची दोन बोटं सरळ होत नाहीत. कप हातातून निसटतो. परवा माहेरी आलेली पल्लवी, आमची मुलगी, पुन्हा चिडली — "आई, तुले किती वेळा सांगतलं, तेलाजवळ धांदल नको करत जाऊ!" रेखानं माझ्या ताटात दुसरी भाकरी वाढली. मी समोरच बसून भाकरी चावत होतो. चावतच राहिलो.

मीही स्वतःला सांगत आलोय — झटापट झाली, धक्का लागला, रागात भान राहिलं नाही. खोटं आहे. झटापट झालीच नव्हती. ताट ओट्यावर होतं. रेखानं भातावर आपला पंजा पसरला. "नका जी, तुमच्या जिवाले काही होईन," म्हणाली.

भान होतं. मी तो हात पाहिला. बाजूला घे, असंही म्हणालो नाही. कढलं त्याच्यावर नेलं आणि सगळं तेल एकदम ओतलं. हात भाजेल, हे मला कळत होतं. भाजावा म्हणूनच ओतलं.